आपल्या स्किन टोनवर कुठला आयशॅडो खुलेल आणि तो लावायचा कसा

पॅलेटमध्ये दिसणारा रंग आणि पापणीवर लागल्यावर दिसणारा रंग, हे दोन वेगळे असतात. पावडर आयशॅडोचा थर इतका पातळ बसतो की खालची त्वचा त्यातून दिसतेच, म्हणून मैत्रिणीवर मस्त दिसणारी जांभळी शेड आपल्यावर करडी दिसू शकते आणि त्यात आपल्या रंगाचा काहीच दोष नसतो, फक्त शेड आपली नसते. शेड निवडायच्या आधी आपली त्वचा नीट बघायची.

बघायचं काय, तर त्वचा किती उजळ किंवा गडद आहे आणि तिचा अंडरटोन, म्हणजे त्वचेखालून जाणवणारी झाक, कुठला आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. गोरी म्हणजे कूल आणि सावळी म्हणजे वॉर्म असं अजिबात नाही, दोन्हीकडे दोन्ही असतात. ती त्वचेच्या ६ प्रकारांची फिट्झपॅट्रिक स्केल सगळीकडे दाखवतात ना, ती मुळात बनली ती उन्हात त्वचा भाजते की काळवंडते हे बघायला, तिच्यातून अंडरटोन कळत नाही. तो कळायला चेहरा धुवा, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी उभ्या राहा आणि गळ्याशी पांढरा कागद धरा. त्वचा पिवळसर किंवा सोनेरी वाटली तर वॉर्म, गुलाबी किंवा निळसर वाटली तर कूल, हिरवट झाक असेल तर ऑलिव्ह, आणि कुठलीच झाक ठळक दिसत नसेल तर बहुधा न्यूट्रल. मनगटाच्या शिरा बघायची टेस्ट गडद त्वचेवर फारशी कामाची नाही, शिरा नीट दिसतच नाहीत.

आता रंग. गोऱ्या त्वचेवर थोडासा रंगही ठळक दिसतो, त्यामुळे टोप (करडा-तपकिरी), मोव्ह (फिकट करडट जांभळा), फिकट गुलाबी हे कूलला आणि पीच, शॅम्पेन, हलका ब्राँझ हे वॉर्मला छान जातात. लाल-विटकरी शेड्स मात्र गुलाबी गोऱ्या त्वचेवर रडून डोळे सुजल्यासारख्या दिसू शकतात, लावायच्याच असतील तर पापण्यांच्या केसांलगत ब्राऊन किंवा काळ्या लायनरची रेघ मारा म्हणजे तो लालपणा डोळ्यापासून तुटतो. गव्हाळ रंगाला पर्याय भरपूर, कॉपर, ब्राँझ, प्लम, मेहंदी हिरवा, मोरपंखी सगळं चालतं, फक्त ऑलिव्ह झाक असेल तर थंड करडा रंग चेहरा मलूल करतो, तिथे वॉर्म ब्राऊन घ्या.

सावळ्या आणि गडद त्वचेबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण चुकीचे सल्ले इथेच जास्त मिळतात. "सावळ्या रंगावर भडक नको" हे ऐकूच नका. कोबाल्ट निळा, पाचूसारखा हिरवा, वाईन, जळका केशरी, गडद सोनेरी हे रंग गडद त्वचेवर जितके श्रीमंत दिसतात तितके दुसऱ्या कुठल्याच त्वचेवर दिसत नाहीत असं माझं ठाम मत आहे. अडचण फिकट शेड्सची असते, कारण बऱ्याच फिकट शेड्समध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसारखा पांढरा पिगमेंट आणि टाल्क बराच असतो आणि तो गडद त्वचेवर राख फासल्यासारखा दिसतो. बेबी पिंक आवडत असेल तर सोडू नका, खाली त्वचेच्या रंगाचा क्रीमी बेस लावून वर भरपूर पिगमेंट असलेली शेड बोटाने दाबून बसवा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात चंदेरी-पांढऱ्याऐवजी सोनेरी किंवा कॉपर लावा, खूप फरक पडतो.

दुकानात टेस्टर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, डोळ्याला कधीच नाही, कारण त्यात आधी कोणाकोणाची बोटं लागलीत कोणास ठाऊक. आणि घरी आल्यावर पापणीवरच बघा, कारण पापणीची त्वचा चेहऱ्यापेक्षा बऱ्याचदा गडद असते.

लावायला बसाल तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या आधी घाला. गडद किंवा शिमर (चमकदार) शेड लावणार असाल तर फाउंडेशन नंतर ठेवा, कारण पावडर गालावर सांडते आणि ती पुसताना खालचा मेकअपही निघतो. सगळ्यात आधी पापणीवर प्रायमर (आयशॅडो टिकवणारा बेस) किंवा अगदी थोडा कन्सीलर, पातळ थापून, यानेच रंग खरा दिसतो आणि घडीत जमा होत नाही. मग ट्रान्झिशन शेड, म्हणजे त्वचा आणि मुख्य रंग यांना जोडणारी मधली शेड, ही आपल्या त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद आणि मॅट (बिनचमकीची) असावी, म्हणजे गोरीला फिकट टोप, गव्हाळला कॅरामल, गडद त्वचेला विटकरी किंवा चॉकलेट. ही फुगीर ब्रशने क्रीजमध्ये, म्हणजे पापणीच्या घडीत, कारच्या वायपरसारखी इकडून तिकडे फिरवायची, ब्रश शेवटाकडून हलका धरायचा आणि लावायच्या आधी डबीच्या काठावर एकदा झटकायचा. पापणी क्रीजवर उतरत असेल तर डोळे उघडे ठेवून, समोर आरशात बघत, क्रीजच्या जरा वर लावा, नाहीतर डोळा उघडल्यावर सगळी मेहनत आत गडप होते.

मुख्य रंग चपट्या ब्रशने दाबून लावायचा, घासायचा नाही. शिमर असेल तर ब्रशपेक्षा बोट बरं, बोटाच्या उबेने तो नीट चिकटतो. बाहेरच्या कोपऱ्यात गडद रंग अगदी कणभर घ्या, कमी वाटला तर परत लावता येतो पण जास्त झालेला काढताना चिखल होतो. तसा झालाच तर नवीन रंग न घेता स्वच्छ कोरड्या ब्रशने कडा पसरवा आणि वरून थोडी ट्रान्झिशन शेड फिरवा. पापणीवर सुरकुत्या असतील तर शिमर फक्त मधोमध ठेवा, बाकी मॅट.

आणि हे प्लीज सिरियसली घ्या, क्राफ्टची चमकी डोळ्याजवळ कधीच लावू नका, तिचे कण कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, ओरखडू शकतात. पाकिटावर डोळ्यांसाठी चालेल असं लिहिलेलंच ग्लिटर घ्या. डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं चित्र आणि १२ एम किंवा २४ एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने वापरायचं. वास बदलला किंवा डोळ्यांना इन्फेक्शन झालं असताना ती वापरली असेल तर तारीख न बघता टाकून द्या. रात्री काढताना क्लिन्झरमध्ये भिजवलेला कापूस बंद पापणीवर काही सेकंद नुसता ठेवा, मग अलगद खाली पुसा, चोळू नका.