बेळगावहून वेंगुर्ला: आधी तिथी बघा, मग खोली

वेंगुर्ल्याला जायचं तर बहुतेकजण आधी खोली शोधतात. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे 3 वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी, 9 वाजता, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचा. पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला हा हिशेब पुरतो.

पाण्यात उतरायचं असेल तर सप्तमी ते दशमीतला शनिवार धरा. अष्टमीला ओहोटी दुपारी 12 ला आणि भरती संध्याकाळी 6 ला. म्हणजे जेवून तुम्ही किनाऱ्यावर याल तेव्हा पाणी चढतं असतं, आणि भांगाची (अष्टमीच्या आसपासची लहान) भरती असल्यामुळे जोरही कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. संध्याकाळी पाचच्या सुमारास वाळू लांबवर उघडी पडते, चालायला झकास, पण ओहोटीचं पाणी आत ओढतं, तेव्हा अंघोळ नको. मलप्रभा-घटप्रभेत पोहायला शिकलेल्यांनी इथे जास्त सांभाळावं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या आणि मग वळा. जून ते सप्टेंबर पाण्यात पायच घालू नये.

रस्ता हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, आंबोली, सावंतवाडी असा. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेतीन तास धरा. सकाळी 6 ला निघालं की आंबोलीत गर्दीआधी पोचता. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे धबधब्यापाशी गाड्या अडकतात. आंबोली ते दाणोली उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर लागत नाहीत. जळका वास आला की बाजूला घेऊन वीसेक मिनिटं थांबा, तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

बसने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करावी. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवरच थांबतात. 1 नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागात काळा दिवस) लागून बेत नकोच.

मुक्काम वेंगुर्ल्यात किंवा शिरोड्यात. सागरेश्वरचा किनारा गावाला लागूनच. शिरोड्याकडे जाताना आरवलीचा वेतोबा लागतो. त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, त्या बघण्यासारख्या. शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता.

परतीला मासे आणायचे तर रविवारी निघायच्या आधीच घ्या, शनिवारी घेऊन ठेवू नका. कल्ले लालभडक, डोळा फुगीर, बोटाने दाबलं तर खड्डा राहू नये. बांगड्याचं पोट बाजारातच साफ करून घ्या, कारण कुजायला तिथूनच सुरुवात होते. थर्माकोलच्या डब्यात किलोभर माशाला किलोभर बर्फाचा चुरा, आधी बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. मोठे खडे नकोत, मधे पोकळी राहते. डब्याच्या तळाला बोटभर भोक पाडून खाली टोप ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहिला तर बेळगावला पोचेस्तोवर मऊ पडतो आणि तळताना तव्याला चिकटतो.