वावरातून आलेल्यांनी उदात्त आणि सुंदर कसं वाचावं

एम.ए. फिलॉसॉफीला सौंदर्यशास्त्राचा पेपर आला की खेड्यातल्या पोरापोरींना धाकधूक होते. आपण कुठं आर्ट गॅलरी पाहिली, कुठं पाश्चात्त्य संगीत ऐकलं, आपल्याला हे काय जमणार असं वाटतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हा पेपर केला, सेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) झाले, अन् आता कॉलेजात तासिकेवर शिकवते, तर नवीन येणाऱ्यांना सांगते की उदात्त अन् सुंदर हा भाग तुमच्यासाठी अवघड नाहीच, उलट शेतात वाढलेल्या माणसाजवळ इथं बोलायला जास्त आहे. फक्त वाचायचा क्रम नीट पाहिजे.

या विषयावर लिहिणारे अठराव्या शतकातले दोन विचारवंत वाचायचे, ब्रिटनमधला एडमंड बर्क अन् जर्मन इमान्युएल कांट. सुरुवात बर्कपासून करा, कांटपासून नको. बर्कचं पुस्तक १७५७ चं, तेव्हा तो तिशीच्या आतच होता. कॉपीराईट कधीचाच संपल्यामुळं नेटवर फुकट मिळतं, प्रकरणं दोन-दोन पानांची आहेत, मोबाईलवरही वाचून होतात. त्याच्या मते सुंदर म्हणजे लहान, गुळगुळीत, नाजूक, हळूहळू वळणारं, ज्याच्यावर जीव जडतो असं. अन् उदात्ताचं (इंग्रजीत sublime) मूळ भीतीत. अंधार, अफाटपणा, ताकद, सामसूम, एकटेपणा. पण भीती अगदी अंगावर आली तर त्यात कसलाच आनंद नसतो, थोडं अंतर असलं तरच ती आनंद देऊ शकते, हे त्यानं पहिल्याच भागात सांगून ठेवलंय. या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारा, पुढं कांट वाचताना हेच वाक्य कामी येतं.

मग कांट, १७९० चं 'क्रिटिक ऑफ जजमेंट' हे पुस्तक, त्यातल्या छोट्या भागांना नंबर आहेत, त्यांनाच मी पुढं कलम म्हणते. आधी सुंदराचा भाग, त्यातले चार मुद्दे परीक्षेला हमखास विचारतात म्हणून पाठ करावेच लागतात, त्यावर जास्त बोलत नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र थांबा. सुंदर म्हणताना त्या वस्तूपासून आपल्याला काही मिळवायचं नसतं, ती असली काय नसली काय याच्याशी आपला संबंध नसतो, असं तो म्हणतो. हे मला पऱ्हाटीत समजलं. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. कधी कधी मात्र एखादं फूल उमलतच नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून वर पिळ पडल्यासारख्या मिटलेल्या, अगदी गुलाबाच्या अर्धवट कळीसारखं दिसतं. ही डोमकळी. उघडून पाहिली की आत गुलाबी बोंडअळी. शहरातून आलेली माझी मैत्रीण त्या फुलाचा फोटो काढत होती अन् बाबांनी तेच फूल तोडून पिशवीत टाकलं, वावराबाहेर नेऊन नष्ट करायला. दोघंही एकाच फुलाकडं पाहत होते, पण बाबांच्या डोक्यात पूर्ण हंगाम होता. कांटचा मुद्दा यापेक्षा चांगला मला कुठल्या नोट्समधून कळला नसता.

आता उदात्त. कांट त्याचे दोन प्रकार करतो, गणिती अन् गतिशील. गणिती म्हणजे जे कल्पनेला एका नजरेत धरता येत नाही. तो इजिप्तच्या पिरॅमिडचं उदाहरण देतो, फार जवळून पाहिला तरी परिणाम जातो अन् फार दूरून पाहिला तरी. आपल्याकडं लोणारला जाऊन या. विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिल्यावर काय होतं अन् खाली झाडीत उतरल्यावर काय होतं ते स्वतः अनुभवा अन् मग कलम २६ परत वाचा.

गतिशील प्रकार निसर्गाच्या ताकदीचा. अंगावर येणारे कडे, गडगडणारे ढग, ज्वालामुखी, वादळ. पण आपण सुरक्षित जागी असलो तरच, ही कांटची अट आहे, कलम २८. विदर्भात तरी ही अट कोणाला समजवावी लागत नाही. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत आभाळ काळं होतं तेव्हा ओसरीत बसून ते पाहत राहावंसं वाटतं, अन् त्याच वेळी धुऱ्यावरच्या झाडाखाली सापडलेल्या माणसाला ते पाहायचं सुचत नाही, वीज पडून दरवर्षी शेतात माणसं जातात.

म्हणूनच कलम २९ हळूच वाचा. तिथं कांट आल्प्समधल्या सॅव्हॉयच्या शेतकऱ्याचा किस्सा सांगतो, तो सोस्यूर नावाच्या प्रवाशाकडून आलेला आहे (भाषाशास्त्रातला सोस्यूर वेगळा). तो शेतकरी बर्फाच्या डोंगरांचं वेड असलेल्या सगळ्यांना सरळ मूर्ख म्हणायचा. कांट त्याला समजदार माणूस म्हणतो, पण सोबत असंही म्हणतो की उदात्त जाणवायला मनाची मशागत, संस्कार लागतात, नाही तं ते नुसतं भयंकर वाटतं. उदात्ताचं मूळ मात्र तो प्रत्येक माणसातल्या नैतिक भावनेतच धरतो, हे विसरू नका, नाही तं त्याच्यावर अन्याय होतो. तरी माझं म्हणणं आहे की त्या शेतकऱ्याजवळ कमी काय होतं तर संस्कार नाही, सुरक्षित जागा. म्हणजे कांटनं स्वतः एक कलम आधी घातलेली अटच. बर्फाखालून रोज जाणाऱ्या माणसाला ती कुठून मिळणार?

वर्गात हे मी दरवर्षी मांडते अन् पोरं पहिल्यांदा कांटशी भांडायला लागतात. तुम्हीही उत्तरात लिहा, पण आधी त्याचं म्हणणं पूर्ण अन् बरोबर मांडून, मग आपलं, अन् कलमाचा नंबर टाकून. मराठीत कांटसाठी रा. भा. पाटणकरांचं १९७४ चं 'सौंदर्यमीमांसा' आहे, जाड आहे, पण कॉलेजच्या लायब्ररीत नसलं तर जिल्हा ग्रंथालयात विचारा. ते बर्क अन् कांट स्वतः वाचून झाल्यावरच उघडा.