रॅकवर एक भाव, बिलात दुसरा: या चुका टाळा

सोयाबीनचे चुकारे झाले की तालुक्याच्या मार्टात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीचा किराणा, लेकरांचे कपडे, जमलंच तर एखादा मिक्सर. बाहेर गावाकडची काळीपिवळी हॉर्न वाजवत असते आणि आत बिल हातभर लांब होत जातं. अशा घाईत रॅकवर १४९ची पट्टी पाहून उचललेलं तेल बिलात १६४ला लागलं, तर किती जणांच्या ध्यानात येतं? आलं तरी बहुतेक जण तिथंच एका वाक्यापुढं गप्प होतात.

ते वाक्य असं: "एमआरपीच्या आत हाय ना भाऊ, मंग काहून बोलता?"

सर्वांत मोठी चूक: एमआरपीवर बोलणं थांबवणं

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किती घेता येईल, ती हद्द. त्याच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, "जीएसटी वेगळा" ही सबबही चालत नाही. पण हद्दीच्या आत राहिलं म्हणजे दुकानदार सुटला, असं मुळीच नाही. रॅकवर लावलेला भाव ही दुकानानं स्वतः दिलेली जबान आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जादा भावाबद्दल तक्रार कधी करता येते ते स्पष्ट लिहिलं आहे. कायद्यानं ठरवून दिलेल्या भावापेक्षा जास्त घेतलं तर, मालावर किंवा वेष्टनावर दाखवलेल्या भावापेक्षा जास्त घेतलं तर, दुकानात लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त घेतलं तर, आणि दोघांत ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेतलं तरी. एमआरपी यातल्या एकाच ठिकाणी येते. रॅकवरची पट्टी, दारावरचा ऑफरचा बोर्ड, भावफलक यांचा आधार बाकीच्यांत आहे. त्यामुळं काउंटरवर "एमआरपीपेक्षा जास्त लावलं" असं ओरडू नका, कारण ते खरंच नसतं आणि तुमचं म्हणणं तिथंच पडतं. "तुम्ही लावलेल्या भावापेक्षा जास्त घेतलं" एवढंच म्हणा.

एक मात्र समजून घ्या. पैसे देण्याआधीच फरक लक्षात आला आणि मॅनेजर म्हणाला की पट्टी जुनी आहे, त्या भावात देता येत नाही, तर जबरदस्तीनं त्याच भावात माल मिळवणं कठीण. वस्तू बिलातून काढायला सांगण्याचा हक्क तुमचा आहे. बरेचसे मॅनेजर वाद नको म्हणून पट्टीच्या भावात देऊनही टाकतात. पैसे घेतल्यावर मात्र बाजू तुमची भक्कम होते.

पट्टी नीट न वाचता भांडणं

निम्म्या भांडणांत चूक दुकानाची नसते, हेही सांगायला पाहिजे. रॅकवरचा माल गिऱ्हाइकांच्या हातांनी इकडचा तिकडं होतो. १ किलोच्या पुड्याखाली ५०० ग्रॅमची पट्टी येते. तेलाचं तर विचारूच नका: एक पाऊच १ लिटरचा म्हणजे साधारण ९१० ग्रॅमचा, शेजारचा तसाच दिसणारा ८५० ग्रॅमचा.

पट्टीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत मालाचं नाव, वजन आणि बऱ्याचदा बारकोडचा किंवा मालाचा नंबर असतो. त्यातले शेवटचे तीन-चार आकडे पुड्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जुळले तर पट्टी त्याच मालाची. ऑफरच्या पिवळ्या पट्टीवर तारीख असते, "२ घेतल्यास" असतं, "कार्डधारकांसाठी" असतं. हे सगळं डोळ्यांत मावणार नाही अशा अक्षरांत का छापतात, हा प्रश्न रास्त आहे. पण छापलेलं असेल तर तो भाव त्या अटीसहच धरला जातो.

पट्टी बरोबर असूनही बिल वेगळं येतं, त्याचं कारण सहसा साधं असतं. भाव संगणकात बदलतो एका क्षणात, बऱ्याचदा मुख्य ऑफिसातूनच. रॅकवरच्या शेकडो पट्ट्या बदलतो एखादा पोरगा, हातानं, वेळ मिळेल तसा. रविवारी रात्री ऑफर संपली की सोमवारी सकाळी हा घोळ हमखास सापडतो. मात्र भाव उतरला आणि पट्टी जुन्या चढ्या भावाचीच राहिली, असं फार कमी दिसतं. का, ते ज्याचं त्यानं समजावं.

घरी जाऊन बिल पाहणं

पुरावा रॅकवर असतो आणि तो फार वेळ टिकत नाही. तुम्ही काउंटरवर आवाज केला की पाच मिनिटांत पट्टी निघते. म्हणून आधी फोटो, मग बोलणं. फोटोत पट्टी आणि माल दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत, नुसत्या पट्टीच्या फोटोला अर्थ नाही.

वस्तू स्कॅन होताना स्क्रीनकडं बघा. सगळं सामान बघणं होत नसेल तर तेल, डाळ, साबण-पावडर आणि ऑफरचा माल तरी बघा. बिल हाती आल्यावर दारातच एका बाजूला उभं राहून ते तपासा.

यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे. त्यात किती पैसे गेले ते कळतं, कशाचे गेले ते नाही. मालाचं बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, तेव्हा मागायला लाजू नका. आणि मशीनच्या कागदावरची छपाई उन्हाळ्यात दोन महिन्यांत उडते; त्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

बिल करणाऱ्या पोरीवर आवाज चढवणं तर निव्वळ वाया. तिच्या हाती भाव बदलणं नसतं. मॅनेजरला बोलवा, फोटो दाखवा, फरकाची रक्कम परत घ्या किंवा वस्तू परत करून दुरुस्त बिल मागा.

स्टिकरवर स्टिकर

२२ सप्टेंबर २०२५पासून साबण, टूथपेस्ट, शांपू, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या मालावर नव्या कमी भावाचं स्टिकर त्यामुळंच दिसू लागलं. नियम सोपा आहे: भाव कमी केल्याचं स्टिकर चालतं, पण कंपनीनं छापलेली मूळ एमआरपी त्याखाली झाकता येत नाही. भाव वाढवणारं स्टिकर किंवा खोडलेली एमआरपी दिसली तर तो पुडा घेण्याआधी त्याचा फोटो घ्या.

कृषी केंद्राला वेगळा न्याय लावणं

मार्टात १५ रुपयांसाठी तणतणणारा माणूस कृषी केंद्रात शंभर रुपये जास्त मुकाट्यानं देतो, कारण पेरणी तोंडावर असते आणि उधारीही तिथंच असते. ही अडचण खरी आहे. पण तिथले नियम मार्टापेक्षा कडक आहेत. खताच्या दुकानात साठा आणि भाव यांचा फलक दर्शनी भागात लावणं खत नियंत्रण आदेश, १९८५नुसार बंधनकारक आहे, बिल देणंही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा भाव २६६ रुपये ५० पैसे. बीटी कपाशीच्या बीजी-२ बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवतं. २०२५च्या हंगामासाठी तो ९०१ रुपये होता.

फलकावर हा भाव आणि हातात "शॉर्टेज हाय बाप्पा, घ्यायचं तं घ्या" असा वेगळा, किंवा युरियासोबत नको असलेल्या दुसऱ्या मालाची बाटली गळ्यात मारली, तर तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडं किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

याउलट, गावातलं किराणा दुकान चालवणारे अनेक जण मार्टातून विकायला माल नेतात. पुढं विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. घरचा माल आणि दुकानाचा माल एकाच बिलात घालू नका.

भलत्याच दारात जाणं

एमआरपीच्या वर पैसे घेतले, वजन कमी निघालं, एमआरपी खोडली: हे काम वैधमापन शास्त्र निरीक्षकाचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं. रॅकचा भाव आणि बिल जुळत नाही: १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन हुकूम काढत नाही, तुमची तक्रार कंपनीपुढं ठेवते. साखळी दुकानांच्या बाबतीत तेवढ्यानंही बरंचसं काम होतं, एकट्यादुकट्या दुकानदाराच्या बाबतीत कमी.

त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, माल नागपूरहून आणला असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षांची. पण १५ रुपयांसाठी एकट्यानं बसभाडं खर्चून तारखा करणं शहाणपणाचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तोच भाव आठवडाभर तसाच लावलेला असेल आणि पाच-सहा घरांची बिलं जमत असतील, तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. अनेक ग्राहकांच्या हक्कांवर एकत्र गदा येत असेल तर चौकशी करण्याचे अधिकार ग्राहक संरक्षण कायद्यानंच जिल्हाधिकाऱ्यांना दिले आहेत.

अर्जात रागाची पानं भरू नका. दुकानाचं नाव आणि गाव, तारीख आणि वेळ, मालाचं नाव व वजन, पट्टीवरचा भाव, बिलातला भाव, बिल नंबर, मॅनेजर काय म्हणाला आणि तुम्हाला काय हवं आहे. सोबत दोन्ही फोटोंच्या प्रती. मूळ बिल कुणालाही देऊ नका, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.