फेफरं ओळखायचं तर कॅलेंडरवर लिहा

माझी धाकटी जाऊ भाकरी थापता थापता थांबायची. त्याआधी एवढंच म्हणायची, "अक्का, पोटातून भेव वर चढायलंय." मग नजर एकाच जागी, ओठ चाटणं, बोटांनी पदर चिवडणं. हाकेला ओ नाही. दीड मिनिटानं तीच विचारायची, भाकर करपली कशी? सासूबाईंनी बाहेरचं म्हणून अंबाजोगाई तालुक्यातले दोन देवऋषी केले. नंतर एका डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या दिल्या. तोंडाला फेस नाही, हातपाय झाडणं नाही, तर फेफरं कोण म्हणणार?

तुमच्या घरी असं काही असेल तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा. तारखेच्या चौकटीत मी लिहायचे: वेळ, मोबाइलवर मोजलेले सेकंद, नंतरचा गोंधळ किती वेळ, आदल्या रातची झोप, पाळी. चार महिन्यांत अमावास्येशी काही जुळेना. जुळलं ते लाइटशी! शेतीची लाइट रात्रीची असली की ती भाऊजींबरोबर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जागायची, अन् दुसऱ्या दिवशी हमखास झटका. क्रम दर वेळी तोच. निव्वळ घाबरण्याचा झटका बहुधा जास्त वेळ चालतो आणि माणसाला आठवतो. हिला भीतीनंतरचं काहीच आठवत नव्हतं.

व्हिडिओ काढा. चेहरा आणि दोन्ही हात दिसावेत, तुमची हाकही ऐकू यावी. लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला. पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल होता, पण तेवढ्यावरून फेफरं नाही असं ठरत नाही. रात्रभर जागवून पुन्हा काढला तेव्हा कानशिलाच्या आतल्या भागात दोष दिसला. एमआरआयही केला.

झटक्यात आवळून धरू नका. धरलं की माणूस हिसडे देतो आणि शेजारी म्हणतात, अंगात आलं. चूल, विळी, विहीर यांपासून हळूच बाजूला घ्या. कांदा, चप्पल काही हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108.

गोळी मनानं बंद करायची नाही. लेव्हेटिरासिटाम या फेफऱ्यावरच्या गोळीनं काहींची चिडचिड वाढते; आमच्याकडे ताट भिरकावलं गेलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी हळूहळू गोळी बदलली. लागोपाठ झटके येऊन गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा राहिला आणि मग भास, संशय सुरू झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दारं धरायला आता मी जाते. विहिरीवर एकटीनं जायचं नाही, हे तिनंच ठरवलं.