मार्केटिंगसाठी छोट्या मॉडेलचं फाइन-ट्यूनिंग करताय? या चुका टाळा

जाहिरातींच्या हेडलाइन, इमेलच्या सबजेक्ट लाइन, सर्च टर्ममागचा हेतू ओळखणं, आलेल्या लीडची (संभाव्य ग्राहकांच्या चौकशांची) पहिली छाननी. रोज शेकडो वेळा करावी लागणारी ही कामं ठरावीक असतात, त्यांना मजकूर लिहिणारं अवाढव्य एआय मॉडेल लागत नाही. लामा ३.२ ची १ आणि ३ अब्ज पॅरामीटरची (शिकलेल्या आकड्यांची) मॉडेलं, जेमा ३ चं ४ अब्जांचं किंवा क्वेन २.५ च्या घराण्यातलं एखादं लहान मॉडेल आपल्या नमुन्यांवर आणखी शिकवून, म्हणजे फाइन-ट्यूनिंग करून, नीट तयार केलं तर काम भागतं. २०२१ साली आलेली लोरा पद्धत मूळ मॉडेल तसंच ठेवून वर थोडीशीच नवी वेट्स, म्हणजे असेच आकडे, शिकवते, आणि २०२३ च्या क्यूलोराने मूळ मॉडेलचे आकडे ४ बिटमध्ये बसवून मेमरीची अडचणही बरीचशी मिटवली. त्यामुळे ट्रेनिंग सुरू करणं आता कुणालाही जमतं. निकाल बिघडला की मात्र सगळे आधी लर्निंग रेटच्या (एका पावलात मॉडेल किती बदलायचं त्या आकड्याच्या) मागे लागतात, आणि घोळ बहुतेक वेळा डेटाच्या फाइलमध्ये निघतो.

म्हणून खाली सेटिंगपेक्षा लक्षणांवर भर आहे. तुमच्या मॉडेलचं जे बिनसलंय त्या मथळ्यावर थेट गेलात तरी चालेल.

## मॉडेल थांबायचं नावच घेत नाही

हेडलाइन मागितली, आली. मग तिचेच आणखी चार अवतार आले, त्यानंतर मॉडेलने स्वतःच एक नवा ब्रीफ (काय लिहायचं त्याची सूचना) लिहिला आणि त्याचं उत्तरही देऊन टाकलं.

मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे, म्हणजे टोकनं, वाचतं, आणि कुठे थांबायचं हे 'मजकूर संपला' या खास टोकनवरून शिकतं. काही टोकनायझरमध्ये (मजकुराचे तुकडे करणाऱ्या भागात) पॅडिंगसाठी, म्हणजे छोटे नमुने सारख्या लांबीचे करणाऱ्या भरतीसाठी, वेगळं टोकन ठरवलेलं नसतं, म्हणून बऱ्याच जणांच्या कोडमध्ये समाप्तीचंच टोकन पॅडिंगला जोडून दिलेलं असतं. पॅडिंग लॉसमधून (मॉडेलच्या चुकांच्या मोजमापातून) वगळलं जातं, ते बरोबरच आहे. पण टोकन एकच असल्यामुळे उत्तराच्या शेवटी आलेलं खरं समाप्तीचं टोकनही त्याबरोबर वगळलं जातं, आणि थांबण्याचा एकही धडा मॉडेलपर्यंत पोचत नाही. पॅडिंगला वेगळं टोकन द्या, प्रश्न मिटतो. लामा ३ च्या शब्दसंग्रहात त्यासाठी राखीव टोकनं आहेतच.

दुसरं कारण लांबीचं. कमाल लांबी १०२४ टोकन ठेवली आणि डेटात लांबलचक न्यूजलेटर असले, तर मोठ्या नमुन्यांचा शेवट छाटला जातो, आणि समाप्तीचं टोकन नेमकं तिथेच असतं. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकनं लागतात, तेव्हा मराठी किंवा हिंदी कॉपीवर ही कात्री लवकर चालते. ट्रेनिंगआधी किती नमुने मर्यादेबाहेर जातायत ते मोजून घ्या.

तिसरं कारण चॅट टेम्पलेट, म्हणजे प्रश्न-उत्तर मांडण्याचा ठरलेला साचा. ट्रेनिंगच्या वेळी 'सूचना', 'उत्तर' असा घरगुती साचा वापरला आणि सर्व्हरवर मॉडेलचा मूळ टेम्पलेट लागला, की मॉडेल बावचळतं. आरंभाची खूण दोनदा लागणं हाही नेहमीचा प्रकार आहे: एकदा टेम्पलेट लावतो, एकदा टोकनायझर. एरर काही येत नाही, नुसता दर्जा घसरतो आणि कारण सापडता सापडत नाही.

तिन्ही गोष्टी एकाच तपासणीत पकडता येतात. ट्रेनिंगला जाणाऱ्या बॅचमधला एक नमुना घ्या, टोकनांवरून परत मजकूर करा, खास खुणा लपवू नका, आणि प्रत्येक टोकनासमोर त्याचं लेबल (मॉडेलकडून अपेक्षित टोकनाचा आकडा) छापा. आरंभाची खूण एकदाच दिसली पाहिजे. फक्त उत्तरावर ट्रेनिंग करत असाल तर ब्रीफच्या सगळ्या टोकनांसमोर −१०० हवं, म्हणजे 'हे मोजू नका'. उत्तराच्या टोकनांसमोर खरे आकडे हवेत. आणि अगदी शेवटी समाप्तीची खूण हवी, तिच्यासमोरही खरा आकडा. कुणाचं बिघडलेलं फाइन-ट्यूनिंग पाहायला आलं की मी आधी हे छापून मागतो. लॉसचा आलेख त्यानंतर.

## प्रत्येक हेडलाइनमध्ये 'आजच', 'फक्त' आणि 'सवलत'

मार्केटिंगवाल्यांचा खरा घात इथे होतो.

रूढ कृती अशी असते: जुन्या जाहिरातींचा रिपोर्ट काढायचा, सीटीआरच्या (जाहिरात दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं त्याच्या) उतरत्या क्रमाने लावायचा, वरच्या २० टक्के ओळी 'चांगली कॉपी' म्हणून मॉडेलला शिकवायच्या. पण सीटीआर एकट्या कॉपीचा नसतो. जाहिरात कोणत्या जागी दिसली, कुणाला दिसली, तेव्हा सेल चालू होता का, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. ब्रँडचं नाव टाइप करून आलेला माणूस समोर जवळपास कोणतीही हेडलाइन असली तरी क्लिक करतो. अशा हेडलाइन यादीच्या माथ्यावर जाऊन बसतात, आणि मॉडेल शिकतं की ब्रँडचं नाव ठोकून दिलं की झालं. सेलच्या दिवसांतल्या जाहिरातीही तशाच वर येतात. मग ऑफर असो वा नसो, 'सवलत' हजर.

गूगलच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च ॲडमध्ये गुंता आणखी वाढतो. तिथे १५ पर्यंत हेडलाइन आणि ४ पर्यंत डिस्क्रिप्शन देता येतात, आणि कोणत्या कुणाबरोबर दाखवायच्या हे यंत्रणा ठरवते. एखाद्या क्लिकचं श्रेय त्यातल्या एका हेडलाइनला देणं म्हणजे अंदाजपंचेच.

शिवाय आकडे तोकडे असतात ते वेगळंच. समजा एका जाहिरातीला २०० इंप्रेशनवर, म्हणजे २०० वेळा दिसल्यावर, ६ क्लिक मिळाले. सीटीआर ३ टक्के. पण ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर तिचा खरा सीटीआर साधारण १.४ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. तिच्याखाली २०,००० इंप्रेशनवर २.८ टक्के मिळवणारी जाहिरात बसलेली असते, जिच्याबद्दल कितीतरी भक्कम पुरावा आहे. क्रमवारीचा माथा अशा कमी दिसलेल्या, नशीबवान जाहिरातींनी भरलेला असतो आणि आपण त्यांनाच गुरू करतो.

यावर तीन उपाय लागू पडतात. तुलना एकाच ॲड ग्रुपमधल्या, एकाच काळात चाललेल्या जाहिरातींतच करा. क्रम लावताना थेट टक्केवारीऐवजी त्या मर्यादेचं खालचं टोक धरा. कमी इंप्रेशनवाल्या ओळी आपोआप खाली जातात. आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत कामाचा: ब्रीफमध्ये 'ऑफर' असा स्वतंत्र रकाना ठेवा. ऑफर असेल तिथे ती लिहा, नसेल तिथे 'नाही' लिहा, आणि 'नाही' असलेले, ज्यांच्या उत्तरात सवलतीचा उल्लेखही नाही असे भरपूर नमुने घाला. कारण आणि परिणाम एकाच नमुन्यात दिसले की मॉडेल त्यांची सांगड घालतं. एकाच ब्रीफवरच्या जिंकलेल्या आणि हरलेल्या जोड्या हाताशी असतील तर पुढे २०२३ ची डीपीओ पद्धतही (सरस-नीरस उत्तरांच्या जोड्यांवरून शिकवण्याची) वापरता येते. पण त्या जोड्या वरच्या चाळणीतून गेलेल्या नसतील तर डीपीओ तोच घोळ जास्त जोमाने शिकवेल.

डेटा कमी पडला म्हणून मोठ्या मॉडेलकडून हजारो हेडलाइन लिहून घेणारेही पुष्कळ आहेत. अशा हेडलाइन एकमेकींच्या जुळ्या बहिणी असतात. त्यातून त्या सेवेच्या अटींत तिच्या उत्तरांवर दुसरं मॉडेल घडवायला बंदी असू शकते, तेव्हा अटी आधी वाचा. माणसाने निवडलेले पाचशे नमुने बहुतेक वेळा सरस ठरतात.

## टेस्टमध्ये झकास, नव्या क्लायंटवर फुसकं

एका कॅम्पेनच्या चाळीस हेडलाइनमध्ये कित्येकदा एकेका शब्दाचाच फरक असतो. ओळी सरसकट पिसून वाटल्या तर छत्तीस ट्रेनिंगमध्ये जातात, चार टेस्टमध्ये, आणि मॉडेल पाठांतरावर पास होतं. वाटणी कॅम्पेन, ब्रँड किंवा तारखेवर करा. जुन्या महिन्यांवर शिकवा, नव्या महिन्यांवर तपासा.

तुलनेला मूळ मॉडेलही ठेवा, चांगल्या प्रॉम्प्टसह आणि चार-पाच नमुने दाखवून. उत्तरं नावं झाकून कॉपीरायटरसमोर ठेवा. मूळ मॉडेलच जिंकलं तर फाइन-ट्यूनिंगचा खटाटोप सोडून द्या. क्लायंटला सांगायला जड जातं, पण असं होतं.

## ३० सांगितली, ३८ आली

गूगलच्या हेडलाइनला ३० अक्षरांची मर्यादा, डिस्क्रिप्शनला ९०. मॉडेलला अक्षरं दिसत नाहीत, टोकनं दिसतात, त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये कितीही बजावलं तरी ते अंदाजानेच लिहितं. डेटातली प्रत्येक ओळ कोडने मोजा आणि मर्यादा ओलांडणारी काढून टाका. अंदाज बराच सुधारतो. शंभर टक्के मात्र होत नाही. म्हणून आठ-दहा पर्याय लिहून घ्यायचे आणि बसत नाहीत ते कोडने गाळायचे, ही व्यवस्था ठेवावीच लागते.

मोजणी देवनागरीत फसवी असते. 'क्षमता' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतो, पण संगणकाच्या लेखी क, हलंत, ष, म, त आणि काना अशी सहा चिन्हं होतात. मर्यादा ठरवणारी यंत्रणा ज्या पद्धतीने मोजते त्याच पद्धतीने तुम्हीही मोजा. एसएमएसचं गणित तर आणखी कडक आहे. साध्या रोमन मजकुराला एका संदेशात १६० जागा मिळतात. देवनागरीचं एक चिन्ह किंवा एक इमोजी आला की अख्ख्या संदेशाला ७०. वर्डमधून चिकटवलेलं वळणदार अवतरणचिन्हही तेवढाच उत्पात करतं! डेटात अशी चिन्हं राहिली तर मॉडेल ती इमानेइतबारे गिरवतं आणि एका संदेशाचे दोन-तीन होतात.

## संपलेली ऑफर, बदललेली किंमत, नसलेलं फीचर

उत्पादनाची माहिती फाइन-ट्यूनिंगमधून 'शिकवायची' हा हट्ट सोडा. गूगल रिसर्च आणि टेक्निऑनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की अशी नवी माहिती मॉडेल सावकाश शिकतं, आणि जसजसं शिकतं तसतशी त्याची मनाने ठोकून देण्याची खोड वाढते. मार्केटिंगमध्ये तर माहिती दर आठवड्याला बदलते. किंमत, मुदत, फीचर हे ब्रीफमधून यावं. मॉडेलने शिकायचं ते फक्त ब्रीफमधलं घेऊन ब्रँडच्या ढंगात कसं लिहायचं. डेटा तपासताना एक नियम पुरतो: उत्तरातला प्रत्येक आकडा ब्रीफमध्ये सापडलाच पाहिजे. सापडत नसेल तर तो नमुना मॉडेलला थापा मारायलाच शिकवतोय.

याच चाळणीत ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि इमेल पत्तेही काढा. पुन्हा पुन्हा आलेला मजकूर मॉडेलला पाठ होतो, आणि एका ग्राहकाचं नाव दुसऱ्याच्या इमेलमध्ये उमटलं तर त्यावर सारवासारव करता येत नाही.

## सगळ्या लीड 'इतर'मध्ये

हजार लीडमध्ये नऊशे 'इतर' असतील तर काही न शिकताही ९० टक्के अचूकता मिळते. प्रत्येक वर्गाचा आकडा वेगळा पाहा, विशेषतः विक्रीयोग्य लीडपैकी किती निसटल्या तो. त्याआधी दोन माणसांना तेच पन्नास नमुने वेगवेगळे लेबल करायला द्या. त्यांचंच जुळत नसेल तर व्याख्या ढिली आहे.

निव्वळ वर्गीकरणच करायचं असेल तर मजकूर लिहिणारं मॉडेल हवंच कशाला? २०१८ च्या बर्टचं (मजकूर लिहिण्याऐवजी समजून घेणाऱ्या मॉडेलचं) बेस मॉडेल अवघं ११ कोटी पॅरामीटरचं आहे. त्याच्या जातीची बहुभाषिक मॉडेलं हे काम भराभर आणि स्वस्तात करतात.

## आता सेटिंग

लोरासाठी लर्निंग रेट ०.०००१ ते ०.०००२, पूर्ण फाइन-ट्यूनिंगला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. इपॉक, म्हणजे पूर्ण डेटावरच्या फेऱ्या, एक ते तीन. ट्रेनिंग लॉस उतरतोय आणि व्हॅलिडेशन लॉस (बाजूला ठेवलेल्या नमुन्यांवरचा) चढतोय असं दिसलं की त्याच्या आधीचा चेकपॉइंट (मॉडेलची साठवलेली प्रत) उचला. अडॅप्टर, म्हणजे लोराची नवी वेट्स, मॉडेलच्या फक्त अटेन्शनच्या थरांना न लावता सगळ्या लिनियर थरांना लावा. लॉसच्या जागी 'नॅन' (आकडाच नाही) आलं तर प्रिसिजन, म्हणजे आकडे साठवण्याचा प्रकार, तपासा: टी४ सारख्या जुन्या जीपीयूवर बीएफ१६ चालत नाही, आणि एफपी१६ मध्ये जेमा ३ चे आतले आकडे मर्यादेबाहेर जातात.

## नोटबुकमध्ये ठीक, सर्व्हरवर बिघडलं

अडॅप्टर ४ बिटच्या मॉडेलमध्ये मिसळू नका. १६ बिटच्या मूळ मॉडेलमध्ये मिसळा आणि मग हवं तेवढं दाबा, म्हणजे कमी बिटमध्ये बसवा. दाबलेल्या मॉडेलची टेस्ट नव्याने घ्या, कारण छोट्या मॉडेलला दाबण्याचा फटका जास्त बसतो. टेम्परेचर (उत्तरांत किती विविधता यावी तो आकडा) आणि टेम्पलेट दोन्हीकडे तेच आहेत ना, ते पाहा.

आणि लायसन्स. हे खरं तर पहिल्या दिवशीच पाहायचं. क्वेन २.५ चं १.५ अब्जांचं मॉडेल अपाची २.० खाली आहे, त्याचंच ३ अब्जांचं मात्र संशोधनाच्या लायसन्सखाली, व्यावसायिक वापराला परवानगी नसलेलं. घराणं एक असलं तरी अटी एक असतील असं धरून चालू नका; प्रत्येक आकाराच्या मॉडेलची लायसन्स फाइल वेगळी उघडून वाचा.