किचनचा मिक्सर नळ गळतोय? आधी पाणी कुठून येतं ते बघा

गळणारा मिक्सर (गरम-गार पाणी मिसळून देणारा नळ) लगेच उघडू नका. आधी तो कोरडा पुसून पाच मिनिटं निरखा, कारण पाणी कुठून येतं त्यावर काय बदलायचं ते ठरतं. नळ बंद असूनही तोंडातून थेंब पडत असतील, तर आतलं कार्ट्रिज (पाणी उघड-बंद करणारा सुटा भाग) खराब झालेलं असतं. (बंद केल्यावर स्पाउटमधलं, म्हणजे नळाच्या पुढच्या नळीतलं, उरलेलं पाणी काही सेकंद ठिबकतं, ती गळती नव्हे.) दांडीखालून पाणी झिरपत असेल, तर कार्ट्रिजवरचा नट आवळून बघा. फिरत्या स्पाउटच्या बुडाशी ओल असेल, तर ओ-रिंग (आतल्या गोल रबरी कड्या) झिजल्या आहेत. सिंकखाली ओल असेल, तर बहुधा कनेक्शन पाइपचं वॉशर गेलेलं असतं.

एका दांडीच्या मिक्सरमध्ये सर्वाधिक वेळा बदलावं लागतं ते कार्ट्रिज. गरम आणि गार, दोन्ही बाजूंचे अँगल कॉक (सिंकखालचे पाणी बंद करायचे छोटे नळ) बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, कारण पुढचा स्क्रू अगदी बारीक असतो. दांडीवरचं लाल-निळं बटण टोकदार वस्तूने हलकेच उचकटा. आतला स्क्रू बहुतेक २.५ किंवा ३ मिमीच्या ॲलन कीने (षटकोनी चावीने) सुटतो. दांडी वर ओढून काढा, खालची गोल टोपी हाताने फिरवा, मग पान्याने नट सोडवून कार्ट्रिज सरळ वर उचला.

नवीन कार्ट्रिज आणताना जुनं सोबत न्याच. ३५ आणि ४० मिमी ही मापं नेहमीची असली, तरी व्यास जुळूनही उंची, दांडीचा चौकोनी खुंट किंवा तळाच्या पिना वेगळ्या निघू शकतात.

नवीन कार्ट्रिज बसवण्याआधीची सफाई मात्र टाळू नका. आतली सिरॅमिक चकती एखाद्या वाळूच्या कणानेही ओरखडते आणि नवं कार्ट्रिज पुन्हा गळू लागतं. बैठकीवरचे क्षार व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. वर फडकं धरून अँगल कॉक क्षणभर किंचित उघडा, म्हणजे पाइपातला कचरा बाहेर पडेल. कॉक पुन्हा बंद करा. आता तळाच्या तिन्ही रबरी सील जागेवर आहेत ना ते पाहून दोन्ही पिना खाचांत बसवा. पिना बसल्या नाहीत तर कार्ट्रिज तिरकं राहतं आणि नट कितीही आवळला तरी पाणी थांबत नाही.

ओ-रिंग बदलायच्या असतील, तर स्पाउट वर ओढून काढा, जुन्या रिंग कापा आणि त्याच मापाच्या नव्या बसवा. त्यांना फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने बरीच रबरं फुगतात.

दोन मुठींच्या मिक्सरमध्ये कार्ट्रिजऐवजी दोन स्पिंडल असतात, म्हणजे प्रत्येक मुठीखाली पाणी उघड-बंद करणारा एकेक भाग. एक अँगल कॉक बंद करा. थेंब थांबले तर त्याच बाजूचा स्पिंडल बदला. अर्ध्या फेरीत उघडणारे स्पिंडल डावे-उजवे वेगळे असू शकतात, म्हणून इथेही नमुना हवाच.

सगळं जोडल्यावर तोंडाची जाळी काढून ठेवा, कॉक सावकाश उघडा आणि मिनिटभर पाणी वाहू द्या. दांडी जड फिरत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे. तो थोडा सैल करा आणि गळती पुन्हा तपासा.