पळसाची, टेकडीची शाल विणताना या चुका टाळा

रामटेकची टेकडी, पायथ्याला काळी माती, मधे पळसाचा भडका. शालीच्या दोन्ही टोकांना एवढा देखावा पुरे होतो. तो बिघडतो मात्र बहुतेक वेळा सुया हातात घेण्याआधीच, चौकटीच्या वहीत.

वहीतले घर चारही बाजूंनी सारखे असते, टाका तसा नसतो. समजा, १० सेंमीत २४ टाके आणि ३० ओळी बसतात. मग ३० बाय ३० घरांत काढलेली टेकडी विणल्यावर साडेबारा सेंमी रुंद आणि जेमतेम १० सेंमी उंच भरते. रामटेकचे पठार होते. उंचीच्या ओळी सव्वापट घ्या, म्हणजे ३७-३८. हे आकडे तुमच्या नमुन्यातून, म्हणजे आधी विणून पाहिलेल्या छोट्या तुकड्यातून काढायचे, आणि नमुना दोन्ही रंग घेऊन, सुलट-उलट ओळींनीच विणायचा.

दुसरी गोची दिशेची. एका टोकाकडून विणत गेलात तर पहिली टेकडी सरळ येते आणि शेवटची, शाल गळ्यात घातल्यावर, शेंडा खाली करून लोंबते. शेवटच्या पट्ट्यात वहीतले चित्र वरून खाली वाचा: आधी आकाश, मग शेंडा, शेवटी माती.

रंग दुकानात शेजारी ठेवून निवडले की फसगत ठरलेली. देखाव्यात संत्र्याचे झाडही घ्यायचे झाले, तर फळाचा नारिंगी आणि पानाचा पोपटी हातात अगदी वेगळे दिसतात; मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा, दोन्ही जवळपास एकाच राखाडी छटेचे निघतात. अशी संत्री चार हातांवरून दिसतच नाहीत. बाटली-हिरवा आणि काळ्या मातीचा रंगही असेच एकमेकांत बुडतात. पळसाभोवती तर हिरवा घालूच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा झाडावर पान नसते. फिकट बदामी आकाशावर केशरी-लाल हेच खरे, आणि उठूनही तेच दिसते.

आता विणताना. एका ओळीत दोन रंग असले की न लागणारा धागा मागून न्यावा लागतो, आणि तिथे वीण आवळते. साध्या भागात १० सेंमीत २२ टाके असतील तर ११० टाक्यांची शाल ५० सेंमी रुंद होते. रंगीत पट्ट्यात २४ बसले की तीच ४६ वर येते आणि टोके आत ओढली जातात. पट्ट्यापुरती सुई जाड घ्या: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ७ नंबर म्हणजे ४.५ (आपल्याकडच्या नंबरात आकडा लहान तशी सुई जाड). तरी आटले तर पट्ट्याच्या आधीच्या ओळीत दर ११ टाक्यांनंतर एक टाका वाढवा, म्हणजे १२० होतील, आणि पट्टा संपल्यावर कमी करा. शेवटच्या टोकाला कमी करायची गरज नाही, तिथे सरळ टाके बंदच करायचे आहेत. कडेचे ६-६ टाके यात धरलेले नाहीत. ते प्रत्येक ओळीत सुलटच विणा, नाहीतर कड गुंडाळते.

मागचा धागा ५ टाक्यांहून लांब सुटा राहिला की बांगडी त्यात अडकते. दर चौथ्या-पाचव्या टाक्यावर तो अडकवून घ्या, पण लागोपाठच्या ओळींत एकाच जागी नको; पुढच्या बाजूला उभी रेघ दिसते. पळसाच्या फुलासाठी मुळात दुसरा धागा ओढूच नये. शाल झाल्यावर दाभणाने टाक्यावर टाका भरा.

‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिक असतो. तुकडा जाळून बघा: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, ॲक्रिलिकचा कडक मणी होतो. खरी लोकर ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवली की वीण सपाट बसते. ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, आणि इस्त्री टेकवली तर कायमचे लुळे पडते. केशरी धाग्याचा तुकडा आधी पांढऱ्या ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. रंग सुटला तर तो धागा बाद. मागच्या धाग्यांवर मलमलचे अस्तर लावायचे असेल तर कापड आधी धुऊन आटवून घ्या, शालीला मग शिवा.